वॉर्डात वास आला पाहिजे, असं सांगणाऱ्यांना

माननीय रुग्णालय व्यवस्थापन, संसर्ग नियंत्रण समिती आणि साफसफाईचं कंत्राट देणारे-घेणारे सर्व यांस,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या नर्सिंग स्टेशनच्या फलकावर एक परिपत्रक लागलं. मजकूर तीन ओळींचा. येणाऱ्या तपासणीच्या पार्श्वभूमीवर सर्व वॉर्डांत हायपोचं, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट या क्लोरीनच्या जंतुनाशकाचं, प्रमाण दुप्पट करावं. पुसणं आणि फवारणी दर पाळीला व्हावी. राउंडच्या वेळी वॉर्डात औषधाचा वास जाणवला पाहिजे. खाली सही आणि शिक्का. ते दुप्पट द्रावण कुणी कालवायचं, फवारा कुणी धरायचा आणि तो वास आठ तास कुणाच्या छातीत जाणार, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

याविषयी मी दोन पत्रं रीतसर वरती दिली. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण बाकी ठिकाणी काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणी हेच सांगतात आणि एका इमारतीकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटणारा नाही.

मी २२ वर्षं नर्स आहे. त्यातली नऊ वर्षं एन्डोस्कोपीत, म्हणजे कॅमेऱ्याची नळी आत घालून तपासण्याच्या विभागात, गेली. तिथलं काम बाहेरून सोपं दिसतं. स्कोप, म्हणजे ती नळी, आला की धुवायचा, चॅनलमधून ब्रश फिरवायचा, २ टक्के ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये पूर्ण बुडवायचा, वेळ लावायची, काढायचा, भरपूर पाण्याने धुवायचा आणि पुढचा पेशंट घ्यायचा. आमची धुण्याची खोली मुळात स्टोअर होती. खिडकी एकच, तीही एसीची हवा बाहेर जाऊ नये म्हणून कायमची बंद केलेली. ट्रेला झाकण होतं, पण दर काही मिनिटांनी उघडावं लागायचं म्हणून ते भिंतीला टेकवून ठेवलेलं असायचं. ठरलेल्या दिवसांनी द्रावण बदलायचं. जुनं ओतून देताना आणि नव्यात ॲक्टिव्हेटर मिसळताना डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. आम्ही एकमेकींना सांगायचो, आज सोल्युशन ताजं आहे, जरा लांबून. त्यापलीकडे आम्हाला काही माहीत नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही.

तिसऱ्या वर्षी मला खोकला लागला. सोमवारी मी बरी असायची, शुक्रवारपर्यंत एक जिना चढवेना. रजेवर गेले की आठ दिवसांत छाती मोकळी व्हायची आणि ड्यूटीवर परतले की तिसऱ्या दिवशी रात्री शिट्टी वाजायला लागायची. दोन वर्षं मी ॲलर्जीच्या गोळ्या घेतल्या. घरात पाळीव प्राणी आहे का, ओल आहे का, धूळ आहे का, सगळं विचारून झालं. शेवटी छातीच्या एका डॉक्टरांनी विचारलं, 'सिस्टर, रजेत बरं वाटतं का?' त्यांनी माझ्या हातात श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं पीक फ्लो मीटर दिलं, दिवसातून चार वेळा फुंकायला सांगितलं आणि चार आठवड्यांनी तो तक्ता माझ्यासमोर धरला. कामाच्या दिवसांची रेघ खाली घसरत होती, सुट्टीला वर येत होती. कुणाही शिकाऊ मुलीला समजला असता इतका स्वच्छ तक्ता होता तो. मला व्यवसायजन्य दमा झाला होता, आणि ज्या इमारतीत तो झाला ती आजार ओळखण्याचंच काम करते.

आता मी सकाळ-संध्याकाळ पंप घेते. बदली मिळाली, पण शरीराने एकदा त्या रसायनाशी वैर धरलं की ते सुटत नाही. पूर्वी ट्रेवर वाकून काम करणारी मी, आज कॉरिडॉरमधून त्या खोलीचं दार उघडं दिसलं तरी वळून दुसऱ्या जिन्याने जाते.

एवढं होऊनही कदाचित मी गप्प राहिले असते. परिपत्रक लागल्यानंतर अकराव्या दिवशी आमच्या वॉर्डातल्या मावशी सकाळच्या पाळीला पेशंटचं बाथरूम धुवायला गेल्या. कमोडमध्ये त्यांनी आधी ॲसिडचं क्लीनर ओतलं. डाग निघेनात म्हणून तसंच राहू दिलं. मग परिपत्रकाप्रमाणे वरून हायपो, दुप्पट. ओल्या फरशीवर कुणी पेशंट घसरू नये म्हणून त्यांनी दार आतून लोटून घेतलं होतं. मी औषधांची ट्रॉली लावत होते. आधी खोकला ऐकू आला, नंतर बादली कलंडल्याचा आवाज. दार ढकललं तर त्या बेसिनला धरून वाकलेल्या होत्या, डोळे घट्ट मिटलेले, एका हाताची बाही तोंडावर. दुसऱ्या हाताने त्या मला खूण करत होत्या, आत येऊ नका म्हणून.

हायपो आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. तो डोळे, घसा, छाती भाजून काढतो. जास्त मात्रेत गेला तर फुफ्फुसांत पाणी भरू शकतं आणि ते कधी कधी काही तासांनी दिसतं. म्हणून अशा माणसाला बरं वाटत असलं तरी नजरेखाली ठेवायचं असतं. मावशींना आम्ही बाहेर आणलं, तोंड-डोळे धुतले, स्टुलावर बसवलं. अर्ध्या तासाने सुपरवायझर आले. म्हणाले, 'बरं वाटतंय ना मावशी? मग राहिलेली दोन बाथरूम उरकून घ्या.' आणि त्या उठल्या. त्या रात्री त्यांना धाप लागली म्हणून त्यांच्या मुलाने त्यांना याच रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आणलं. पुढचे चार दिवस त्या कामावर येऊ शकल्या नाहीत. त्या चार दिवसांचा पगार कापला गेला.

घटनेच्या नोंदवहीत त्या दिवसासमोर लिहिलेलं आहे: 'कर्मचाऱ्यास चक्कर आली.' मला तसं लिहायला सांगितलं गेलं आणि मी लिहिलं. ते अक्षर माझं आहे.

आता माझ्या तक्रारी. आधी वासाबद्दलच बोलते, कारण परिपत्रकाचा सगळा जोर त्यावर आहे. वास हा स्वच्छतेचा पुरावा कधीच नव्हता. जंतू मेले की नाही हे द्रावणाची तीव्रता, ते पृष्ठभागावर किती वेळ ओलं राहिलं आणि आधी मळ काढला होता का, यावर ठरतं. वास आला याचा अर्थ एवढाच की काहीतरी उडून हवेत आलं आणि ते कुणाच्या तरी नाकात जातं आहे. उलट बाजूने पाहा. यंत्रसामग्री निर्जंतुक करायला वापरल्या जाणाऱ्या एथिलीन ऑक्साइड या वायूला कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. अमेरिकेत आठ तासांच्या पाळीसाठी त्याची मर्यादा १ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग, आहे. नाकाला मात्र तो कळतो काहीशे पीपीएमला. म्हणजे वास येईपर्यंत मर्यादा कित्येकशे पटीने ओलांडलेली असते. ग्लुटाराल्डिहाइडच्या जागी आलेलं ऑर्थोथॅलाल्डिहाइड, म्हणजे ओपीए, घ्या. त्याला वास जवळजवळ नाही. म्हणून नव्या मुलींना 'हे सेफ आहे' असं सांगितलं जातं. त्यांच्या हातावर राखाडी डाग पडतात ते त्या दिवसभर घासत बसतात. ओपीएनेही ॲलर्जी आणि दमा होऊ शकतो, हे त्यांना कुणीही सांगितलेलं नसतं. वासावर विसंबून काम करायला लावणं दोन्हीकडून घातक आहे, आणि तुम्ही तर तो वास मोजमाप म्हणून परिपत्रकात घातला.

दुसरी तक्रार बाटल्यांची. मोठ्या कॅनवर लेबल असतं. कॅन स्टोअरमध्ये राहतो. वॉर्डात येतात त्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. त्या दिवशी बाथरूममध्ये दोन होत्या. एकीवर मार्करने 'ए' लिहिलेलं, दुसरीवर काहीच नाही. दोन्हींतला द्रव फिकट पिवळा. मावशींना वाचता येतं, पण वाचायला तिथे काही असायला हवं ना? प्रत्येक रसायनासोबत सोळा भागांची सुरक्षा माहितीपत्रिका येते. चौथ्या भागात प्रथमोपचार असतात, आठव्या भागात कोणते हातमोजे, कोणता मास्क, हवा किती खेळती हवी ते असतं. ती आमच्याकडे आहे. खरेदी विभागाच्या कपाटात, इंग्रजीत, कुलपात.

तिसरी तक्रार मापाची. हायपोचा कॅन ५ टक्क्यांचा असेल तर १० लिटरच्या बादलीत ०.१ टक्के द्रावण करायला २०० मिली पुरतं. आमच्या वॉर्डात मोजायला काय आहे? आंघोळीचा मग. साधारण एक लिटरचा. भरून ओतला की थेट पाचपट. आणि परिपत्रक म्हणतं दुप्पट, म्हणजे मावशींच्या लेखी दोन मग. कुणी गरम पाण्यात ओततं, डाग लवकर निघतील म्हणून. त्याने हायपो लवकर निकामी होतो आणि वाफ जास्त सुटते. लघवी सांडली की तिच्यावर थेट हायपो ओतण्याची सवय तर सर्रास आहे. लघवीतल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइन तयार होतं आणि तेही छातीलाच धरतं. आधी टिपून घ्यायचं, मग पुसायचं, एवढी साधी गोष्ट आहे. ती सांगायला दहा मिनिटं लागतात. कामाला लागताना मावशींना ती दहा मिनिटं कुणी दिली नाहीत. त्यांना मॉप दिला आणि वॉर्ड दाखवला.

हातमोजे आणि मास्कबद्दल तुमचं उत्तर मला माहीत आहे: सगळं पुरवलेलं आहे. हो, तपासणीचे पातळ लेटेक्सचे मोजे आहेत. ग्लुटाराल्डिहाइड त्यातून आरपार जातं. त्यासाठी नायट्राइल किंवा ब्यूटिल रबराचे, कोपराकडे जाणारे लांब मोजे लागतात. सर्जिकल मास्क वाफ अडवत नाही. एन-९५ सुद्धा कण अडवतो, वायू अडवत नाही. ज्या कामाला वायूसाठीचं कार्ट्रिज लागतं तिथे कापडासारखा मास्क देऊन सही घेतली जाते, 'पीपीई मिळाले'. ती सही पुढे आमच्याविरुद्ध वापरली जाते. मास्क लावला नसेल म्हणून झालं, असं म्हणायला.

फवारणीबद्दल मला सगळ्यात जास्त राग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये, महामारी ऐन भरात असताना, स्पष्ट लिहिलं की माणसांवर जंतुनाशक फवारणं कोणत्याही परिस्थितीत करू नये आणि खोल्यांच्या आत पृष्ठभागांवर नेहमीच्या वापरासाठी फवारणी किंवा फॉगिंगची शिफारस नाही. कापडाने किंवा वाइपने पुसावं. फवाऱ्याने कोपरे सुटतात आणि बारीक थेंब थेट फुफ्फुसांत जातात. आमच्या वॉर्डात खाटांवर पेशंट असताना फवारणी होते. खाट क्रमांक तीनवर त्या दिवशी दम्याचेच आजोबा होते. मी त्यांचं नेब्युलायझेशन लावलं आणि दहा मिनिटांनी फवारा मारणारा मामा त्यांच्या लॉकरशी आला. तो तरी काय करणार, त्याच्या हातात तुमचं परिपत्रक होतं.

बंद खोल्या आणि बंद एक्झॉस्ट पंख्यांबद्दल वेगळं काय लिहू? ग्लुटाराल्डिहाइड वापरायच्या खोलीत तासाला किमान दहा वेळा हवा बदलली पाहिजे, असं मानक आहे. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने त्याच्या वाफेची मर्यादा ०.०५ पीपीएम धरली आहे, क्षणभरही ओलांडू नये अशी. आमच्याकडे नऊ वर्षांत एकदाही कुणी हवा मोजली नाही.

शेवटची आणि माझ्या मते सगळ्यांच्या मुळाशी असलेली तक्रार ही की आम्ही मोजले जात नाही. संसर्ग नियंत्रण समितीच्या तक्त्यात सुई टोचल्याची नोंद असते, हात धुण्याची टक्केवारी असते. कुणाचे हात सोलवटले, कुणाला खोकला लागला, कुणी इनहेलर घ्यायला लागलं, याचा रकाना नाही. कायम कर्मचाऱ्यांची निदान वर्षाला तपासणी होते. कंत्राटी मावशी आणि मामा रुग्णालयाचे नाहीत असं व्यवस्थापन म्हणतं, आणि रसायनं रुग्णालयाची आहेत असं कंत्राटदार म्हणतो. सर्वांत जास्त वेळ सर्वांत तीव्र द्रावणात हात घालणारा माणूस असा दोन्ही वह्यांमधून गळून पडतो.

हे माझ्या एकटीच्या छातीचं गाऱ्हाणं आहे असं कुणाला वाटू नये म्हणून दोन अभ्यास सांगते. अमेरिकेतल्या ७३,२६२ नर्सेसवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या नर्सेस आठवड्यातून किमान एकदा जंतुनाशकांनी पृष्ठभाग किंवा उपकरणं साफ करत होत्या, त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा आजार, होण्याची शक्यता २५ ते ३८ टक्क्यांनी जास्त आढळली. त्यातल्या कित्येकींनी आयुष्यात सिगारेट हातात धरली नसेल. दुसरा नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांचा, २०१८ चा. सहा हजारांहून अधिक लोकांची फुफ्फुसं त्यांनी सुमारे वीस वर्षं तपासली. साफसफाईचं काम करणाऱ्या स्त्रियांच्या फुफ्फुसांची ताकद इतरांपेक्षा लवकर घटत गेली, आणि ती घट रोज एक पाकीट याप्रमाणे दहा ते वीस वर्षं सिगारेट ओढल्यासारखी होती. फॉर्मॅलिनबद्दल, म्हणजे फॉर्माल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणाबद्दल, तर वादाला जागाच उरलेली नाही. फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं हे २००४ पासून अधिकृतपणे मान्य आहे, तरी ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) मागच्या खोलीत त्याची बरणी झाकण सैल ठेवून उभी असते.

तुमच्यातले काही जण म्हणतील की पेशंटला संसर्ग होऊ द्यायचा का? हा प्रश्न मला विचारण्याआधी एवढं लक्षात घ्या की ऑपरेशन उत्तम होऊन जखमेतल्या संसर्गाने गेलेली माणसं मी माझ्या हातांनी झाकली आहेत. जंतुनाशकं नकोत असं मी म्हणत नाही. जिथे हवीत तिथे, हवी तेवढी, नीट वापरा, असं म्हणते. अर्ल स्पॉल्डिंग यांनी गेल्या शतकातच वस्तूंची तीन गटांत विभागणी करून दिली. शरीराच्या आत जाणारी, श्लेष्मल त्वचेला (तोंड, घसा, आतडं यांच्या आतल्या ओल्या अस्तराला) लागणारी आणि फक्त धड त्वचेला लागणारी. प्रत्येकाला वेगळी पातळी. भिंती, खिडक्या, पॅसेज, कार्यालयं यांना साबण-पाणी पुरतं. रक्त सांडलं, संसर्गाचा पेशंट गेला, सतत हात लागणारे कठडे आणि हँडल आहेत, तिथे जंतुनाशक हवंच. सगळीकडे सगळ्यात कडक द्रावण मारणं हे या विभागणीच्याच विरुद्ध आहे. दुप्पट केल्याने काय साधतं? मळ आधी काढला नसेल तर क्लोरीन त्या मळातच संपतो. पुसल्यावर ठरलेला वेळ पृष्ठभाग ओला राहिला नाही तर काम अर्धवट राहतं. आणि ज्या खोलीत श्वास घेववत नाही तिथे कुणीही थांबून नीट पुसत नाही. मावशी श्वास रोखून आत जातात, दोन फटकारे मारतात आणि धावत बाहेर येतात. मी पाहिलेलं आहे. तुमचं परिपत्रक पेशंटलाही वाचवत नाही.

माझ्या मागण्या अशा:

१. ते परिपत्रक मागे घ्या. लेखी. 'वास जाणवला पाहिजे' हे वाक्य कोणत्याही तपासणीच्या यादीत पुन्हा येता कामा नये.

२. पेशंट किंवा कर्मचारी आत असताना फवारणी आणि फॉगिंग आजपासून बंद. पुसणं कापडाने, ओतणं हलक्या हाताने.

३. वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक बाटलीवर छापील लेबल: आत काय आहे, किती टक्के, कधी कालवलं, आणि कशात मिसळायचं नाही. धोक्याचं चित्र मोठं. भाषा मावशींची. ॲसिडचं क्लीनर आणि हायपो एका ट्रॉलीवर ठेवायचे नाहीत. खरं तर ॲसिड वॉर्डातून काढूनच टाका; डागासाठी ब्रश आणि डिटर्जंट द्या आणि वेळ द्या.

४. मापाचे भांडे. प्रत्येक वॉर्डाला एक, प्रमाणाच्या खुणा केलेलं. ही मागणी लिहावी लागते याचं मला वाईट वाटतं.

५. एन्डोस्कोपी, सीएसएसडी (उपकरणं निर्जंतुक करण्याचा विभाग), ओटीच्या मागच्या खोल्या आणि बाथरूममधले पंखे सुरू करा, हवा खेळती ठेवा, ट्रेना बसणारी झाकणं द्या. जिथे यंत्रात स्कोप धुता येतात तिथे उघड्या ट्रे बंद करा. हवेतली मात्रा मोजा आणि आकडे आमच्यासमोर लावा. ग्लुटाराल्डिहाइड आणि फॉर्मॅलिन यांना कुठे पर्याय आहे ते आधी पाहा, मास्कचा विचार सगळ्यात शेवटी करा. पण तो लागेल तिथे वाफ अडवणाराच द्या, आणि द्रावणाला चालतील असे मोजे.

६. डोळे धुण्याची सोय. डोळ्यात काही उडालं तर पंधरा मिनिटं वाहतं पाणी लागतं, आणि ते काही सेकंदांत पोचता येईल इतकं जवळ.

७. कायम असो वा कंत्राटी, रसायनात हात घालणाऱ्या प्रत्येकाची कामाला लागताना आणि नंतर दर वर्षी फुफ्फुसांची आणि त्वचेची तपासणी. ज्याला त्रास सुरू झाला त्याला दुसरं काम, पगार न कापता. कंत्राटाच्या अटींत हे लिहा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा रसायनांविषयीचा करार क्रमांक १७० हा १९९० चा आहे. कामगाराला माहिती मिळण्याचा हक्क आणि गंभीर धोका समोर दिसला तर तिथून बाजूला होण्याचा हक्क त्यात दिलेला आहे. जून २०२२ मध्ये त्याच संघटनेने सुरक्षित आणि निरोगी कामाची जागा हा कामाचा मूलभूत हक्क म्हणून मान्य केला. मावशींना तो बाजूला होण्याचा हक्क त्या सकाळी असायला हवा होता. त्या बाथरूममध्ये परत गेल्या, कारण नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसरी कुणी येईल हे त्यांना माहीत होतं.

८. मावशींच्या कापलेल्या चार दिवसांचा पगार परत द्या, आणि त्यांच्या छातीची तपासणी रुग्णालयाच्या खर्चाने करा. ही मागणी आमच्या व्यवस्थापनाला आहे. कोण मावशी, हे त्यांना विचारावं लागणार नाही.

हे वाचणाऱ्या इतरांना एक विनंती. तुमचं माणूस रुग्णालयात असेल तर स्वच्छता जरूर बघा, तक्रारही करा. पण वॉर्डात शिरताना नाकाला झोंबलं तर 'छान स्वच्छ ठेवलंय' म्हणू नका. बाटलीवर काय लिहिलंय ते बघा, आणि ती बाटली हातात धरलेल्या बाईला विचारा की तिला बरं वाटतंय का.

समितीची पुढची बैठक दोन आठवड्यांनी आहे. घटनेची नोंदवही तिथे ठेवली जाते. 'कर्मचाऱ्यास चक्कर आली' त्या ओळीखाली मी आजची तारीख घालून खरी नोंद लिहिली आहे: कोणती दोन द्रावणं, किती, कोणत्या क्रमाने, दार लोटलेलं होतं, अर्ध्या तासात कामावर परत पाठवलं. खाली माझी सही आहे. लिहून झाल्यावर ती मी मावशींना वाचून दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'सिस्टर, पंख्याचं राहिलं. तो तीन महिने बंद आहे.' तेही लिहिलं आहे.

आपली विश्वासू,
मेल मेडिकल वॉर्डातली एक सिस्टर